काझिमिएशला जाणार असशील तर

काय रे, पोलंडमधल्या लुब्लिनला पोचून महिना झाला आणि विचारतोयस काय तर "सर, इथे जवळपास काय बघू". बरं. बस पकड आणि काझिमिएश डोल्नी या छोट्या गावाला जा, फक्त शनिवारी नको, ज्यू दफनभूमीत शब्बाथला, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, जात नाहीत. आणि डोक्यावर टोपी ठेव, क्रिकेटची पण चालेल.

चौकातले फोटो, तो कोंबड्याच्या आकाराचा पाव वगैरे पटकन उरक आणि चालत चेर्न्यावीच्या ज्यू दफनभूमीकडे ये. रस्त्यालगत चढावर झाडीत एक लांबलचक भिंत दिसेल, सगळी फुटक्या थडग्यांच्या दगडांची, सुमारे ६०० तुकडे, आणि मधोमध वरपासून खालपर्यंत वेडीवाकडी फट. तादेउश आउगुस्तिनेक नावाच्या आर्किटेक्टचं काम, १९८४ चं.

आता तुला आपले वीरगळ, लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, आठवणार, मला माहितीये. धुण्याच्या जागी, देवळाच्या पायरीला लावलेला वीरगळ दिसला की तू केवढा चिडायचास! पण हे ते नव्हे. आपल्याकडे तो दगड काय आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं, इथे नाझींना माहीत होतं म्हणूनच उखडला. फ्रान्सिस्कन मठात गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, बस्तान मांडलं होतं, त्याच्या अंगणात हे दगड फरशी म्हणून घातले, वरून रोज बूट. गावात दुसऱ्या महायुद्धाआधी जवळपास निम्मे ज्यू होते, १९४२ मध्ये त्यांना हाकललं आणि बहुतेकांना बेल्झेकच्या मृत्युछावणीत नेऊन गॅसने मारलं. मग युद्धानंतर कुठला दगड कोणाच्या डोक्याशी होता हे सांगणार कोण?

म्हणून भिंत नुसती बघू नकोस, वाच. हिब्रू आहे, उजवीकडून डावीकडे. बऱ्याच दगडांवर वरती पे आणि नून ही दोन अक्षरं असतात, म्हणजे "इथे पुरलंय". आणि नेमकं तेवढंच आता खोटं झालंय बघ, त्या दगडामागे कोणीच नाही. आशीर्वादाचे दोन हात असले तर कोहेन, म्हणजे पुरोहित, घराण्यातला, मेणबत्त्या असल्या तर सहसा बाई, मोडलेलं झाड म्हणजे अकाली गेलेलं कोणी. वर्ष ज्यू कालगणनेचं, तेही अक्षरांत लिहितात (प्रत्येक हिब्रू अक्षराला एक आकडी किंमत असते) आणि बऱ्याचदा हजारांचा आकडा गाळतात, तर अक्षरांच्या किमतीची बेरीज कर आणि १२४० मिळव, म्हणजे ६०० आले तर साधारण १८४०. एखाद्या वर्षाचा फरक पडतो, चालतंय.

मग त्या फटीतून पलीकडे जा. बरेच लोक पुढूनच सेल्फी काढून कटतात, पण मागे झाडीत थोडे दगड अजून उभे आहेत. तिथे फुलंबिलं नको, एखादा खडा ठेव. आणि कागद-कोळसा घासून ठसे घ्यायची आपली सवय इथे अजिबात नको, दगड आधीच झिजलेत.

मला भिंतीचा फोटो पाठवू नकोस, नेटवर ढीगभर आहेत. एकाच दगडाचं वर्ष काढून पाठव, चुकलं तर चुकलं, बसून बघू दोघं.