कृष्णाकाठी ५ एकर वडिलोपार्जित शेती आहे. पूर, क्षारपड आणि नुसता ऊस. टिकाऊ शेतीकडे वळायचं तर कोणतं पीक घ्यावं?

पीक नंतर. आधी सांगा, तुमच्या रानातलं पाणी बाहेर कुठून जातं? ड्रॅगन फ्रूट, चंदन, बांबू सुचवणारे शंभर भेटतील, हे विचारणारा एक भेटणार नाही.

मी वाळवा तालुक्यातला. आमची ओढ्याकडची पट्टी तीन भावांत वाटलेली, वडिलांची वरच्या अंगाला आणि थोरल्या चुलत्यांची आमच्या आणि ओढ्याच्या मध्ये. मार्चमध्ये वरंब्यावर पांढरा थर यायचा, चपलेखाली करकरायचा. ऊस गुडघ्याएवढा होऊन पानांची टोकं करपवून थांबायचा, लव्हाळा तेवढा जोमात. वडिलांचं म्हणणं, ओढ्यापर्यंत चर काढू. चुलत्यांचं म्हणणं, "तुमचं मीठ माझ्या रानातनं कशाला नेऊ?" मीठ त्यांच्याही रानात होतं, पण ते कुणी बोलायचं? उलट दर लग्नात पंगतीला बसल्यावर ऐकवायचे की तुम्ही शेणखत टाकत नाही म्हणून जमीन बिघडली.

शेणखताचा काही संबंध नव्हता. आमच्या पाणीपुरवठा संस्थेची पट्टी एकरी. पाणी मोजून नाही, त्यामुळे कितीही घ्या. लाईट रात्रीची, म्हणजे मोटर चालू करायची, दारं मोडायचं, म्हणजे सऱ्यांत पाणी सोडायचं, आणि घरी येऊन झोपायचं. सकाळी सरी तुडुंब आणि शेजारच्या बांधालाही पाझर. वाफसा, म्हणजे पाणी मुरून मातीत ओल आणि हवा बरोबर होणं, कधी येतो याची वाट कुणी बघतच नव्हतं. खोल काळ्या रानात असं वर्षानुवर्षं केलं की जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर येणारच, आणि पाण्याबरोबर मीठही.

मग कुणा दुकानदाराच्या सांगण्यावरून चुलत्यांनी जिप्सम ओतलं. ट्रॉलीच्या ट्रॉली. माती तपासून घ्या म्हणून मी मागे लागलो होतो. शेवटी तपासली तर सामू (pH) ८.५ च्या आत, क्षारता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या बरीच वर आणि मातीला चिकटलेलं सोडियम १५ टक्क्यांच्या खाली. म्हणजे जमीन क्षारयुक्त (विरघळणारं मीठ साठलेली), चोपण (सोडियमनं घट्ट झालेली) नव्हे. जिप्सम चोपण जमिनीला लागतं. क्षारयुक्त जमिनीतलं मीठ विरघळवून बाहेर घालवावं लागतं, त्याला वाट लागते, आणि ती वाट त्यांनीच अडवलेली.

२०१९ च्या पुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्याकडेही ओढा उलटा फिरला. नदी उतरली तरी चुलत्यांच्या सखलात पाणी उभंच. उसाच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या सुरळीत, गाळ बसून शेंडे कुजले, कांड्यांना पांगशा (बाजूचे कोंब) फुटल्या. त्यानंतर चुलतभाऊ आपणहून आला. तिघांनी मिळून जाळी गुंडाळलेले सच्छिद्र पाईप साडेतीन-चार फुटांवर गाडले, मुख्य पाईप ओढ्याला काढला. त्याआधी ओढाच मशीन लावून मोकळा करावा लागला, कारण लोकांनी तो भरून त्यातही ऊस लावला होता. पुढच्या पावसात पाईपांचं पाणी जमतं त्या चेंबरमध्ये पडणारं पाणी मी जिभेला लावून बघितलं. खारट! वडील तेवढं बघून गप्प घरी गेले.

मग धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) फुलोऱ्यात गाडला, रब्बीला गहू घेतला आणि नंतर पुन्हा ऊसच लावला. हो, ऊसच. ऊस सोडा म्हणणाऱ्यांनी एकदा टोमॅटो विकून बघावा. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, तरी आहे, १४ दिवसांत पैसे द्यायचा कायदा तरी आहे (पाळतात किती, तो वेगळा विषय). फक्त ठिबकवर घ्या, पाचट जाळू नका आणि एका खोडव्यानंतर (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेल्या पिकानंतर) मोडून बेवड, म्हणजे पीकबदल, करा, सोयाबीन-हरभरा काहीही. हरभरा मात्र क्षार निघाल्यावरच, तो मीठ अजिबात सोसत नाही.

आता हेही सांगायला हवं की निचऱ्यानं पूर थांबत नाही. रान पूररेषेत असेल तर जुलैत आडसाली (पावसाळ्यात लावायच्या उसाची) लागण करून ऑगस्टमध्ये कुजवण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात तिथं धैंचा किंवा वैरणीचं गवत आणि पाणी उतरल्यावर रब्बी, एवढंच. खर्चही एकट्याला झेपणारा नाही. तालुका कृषी कार्यालयात गटानं जा. आणि आपलं मीठ शेवटी ओढ्यातनं नदीतच जातं, हेही खरं.

तुमच्या खालच्या अंगाला कुणाचं रान आहे ते आधी बघा. भावकीतलं असेल तर पाईप कुठून जाणार, चेंबरमधला गाळ कोण काढणार, सगळं स्टॅम्पवर लिहून घ्या. आमचं तोंडी आहे, आणि गाळ काढायची पाळी कुणाची यावरून परवाच वाजलंय. चुलते तर अजून म्हणतात, जमीन जिप्समनंच सुधारली.