आरएनएला धरणारे लहान रेणू डॉकिंगने सापडतात का? आरएनए हे औषधाचे लक्ष्य तरी आहे का?

तुम्ही सोलापुरात एम.एस्सी. करत आहात, प्रकल्पासाठी आरएनएवर बसणारे लहान रेणू डॉकिंगने, म्हणजे संगणकावर रेणू बसवून पाहून, शोधायचे म्हणता, आणि मार्गदर्शक म्हणतात की आरएनए हे औषधाचे लक्ष्यच नव्हे, एखादे प्रोटीन घ्या. कोणाचे ऐकावे, असा तुमचा प्रश्न आहे.

मार्गदर्शकांचे विधान चुकीचे आहे, आणि हे मी इतक्या ठामपणे म्हणतो याला कारण आहे. माझे वडील इथल्या एका कापड गिरणीत जॉबर होते. १९७०च्या दशकात त्यांना क्षय झाला, तेव्हा स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शने रोज घ्यावी लागत. क्षय पूर्ण बरा झाला. त्यानंतर मात्र तोल जाऊ नये म्हणून जिना उतरताना त्यांचा डावा हात भिंतीवरून सुटत नसे, रात्री वीज गेली की ते जागचे हलत नसत, आणि हळूहळू त्यांना ऐकूही कमी येऊ लागले.

२००३ साली एम.एस्सी.च्या सेमिनारला मी स्ट्रेप्टोमायसीन हाच विषय घेतला. १९४३ मध्ये सापडलेले हे औषध जिवाणूच्या रायबोसोममधील, म्हणजे प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रातील, १६एस आरएनएला धरते; व्यंकटरामन रामकृष्णन यांच्या गटाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या रचनेत ते कुठे बसते हे स्पष्ट दिसत होते. त्या लेखाची झेरॉक्स माझ्या हातात होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ती न उलटता बाजूला ठेवली आणि म्हणाले, "रायबोसोम हा अपवाद आहे. आरएनए हा निरोप्या, औषध चालते ते प्रोटीनवर. रायबोसोम सोडून एक उदाहरण द्या." माझ्याकडे उदाहरण नव्हते. मी खाली बसलो, आणि ते मला आजतागायत बोचत आले आहे.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते ते एवढेच की आरएनएचा कणा फॉस्फेटच्या ऋणभाराने भरलेला असतो, अक्षरे चारच असतात आणि घडी सतत बदलत राहते. त्यामुळे धनभार असलेला कोणताही चपटा रेणू कोणत्याही आरएनएला चिकटतो आणि संशोधकाला वाटते की आपल्याला औषध सापडले. पण उदाहरणे पुढे मिळाली. २०१५ मध्ये मर्क या औषध कंपनीच्या संशोधकांनी रायबोसिल हा रेणू प्रसिद्ध केला. जिवाणूची वाढ थांबवणारे, पण रायबोफ्लेविन (जीवनसत्त्व बी-२) दिल्यावर ज्यांचा परिणाम नाहीसा होतो असे रेणू त्यांनी निवडले, मग औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढवले, आणि त्यांच्यातील बदल निघाले ते थेट एफएमएन रायबोस्विचमध्ये, म्हणजे रायबोफ्लेविनपासून बनणाऱ्या एफएमएनला धरून जनुक चालू-बंद करणाऱ्या आरएनएच्या तुकड्यामध्ये. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले रिस्डिप्लाम तर तोंडाने घ्यायचे औषध आहे. पाठीच्या कण्याच्या स्नायुक्षयात एसएमएन-२ जनुकाच्या संदेशातून सातवा एक्सॉन, म्हणजे संदेशात राहायला हवा असा एक तुकडा, गळतो. हा ४०१ रेणुभाराचा रेणू त्या एक्सॉनच्या टोकाला, यू-१ (एक्सॉनची कड ओळखणारा पेशीतील घटक) जिथे जोडले जाते तिथे आधार देतो आणि तो एक्सॉन संदेशात राहतो. रिस्डिप्लाम माणसाच्या संदेशवाहक आरएनएवर काम करते; रायबोसोमचा तिथे काहीही संबंध नाही.

डॉकिंगबद्दल सांगायचे तर ही दोन्ही उदाहरणे सुरू झाली ती पेशींवरील चाचणीतून. रेणू नेमका कुठे बसतो ते मागाहून उलगडले. आरएनएच्या बाबतीत मॅग्नेशियम, पाणी आणि बदलती घडी यांचा हिशेब नीट लागत नाही, म्हणून संगणकाने डॉकिंगमध्ये दिलेल्या नुसत्या गुणांवर प्रकल्प उभा करू नका. ज्याची स्फटिकरचना उपलब्ध आहे असे एखादे रायबोस्विच घ्या, चार-पाच रेणू स्वतः तयार करा, आणि बांधणी मोजण्यासाठी पुण्याच्या आयसरसारख्या ठिकाणी विचारून पाहा. मार्गदर्शकांपुढे बोलताना रायबोसिलपासूनच सुरुवात करा, म्हणजे रायबोसोम अपवाद असल्याचे वाक्य त्यांना उच्चारताच येणार नाही.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगायला हवी होती. या औषधांची खरी कसोटी निवडकपणाची आहे. मायटोकॉन्ड्रियाच्या (आपल्या पेशीतील ऊर्जाकेंद्राच्या) १२एस आरएनएमध्ये १५५५व्या जागी ए ऐवजी जी असेल, तर ती जागा जिवाणूच्या आरएनएसारखी होते आणि स्ट्रेप्टोमायसीनच्या कुळातील औषधाने अशा माणसाचे कान जाऊ शकतात. रिस्डिप्लामही एफओएक्सएम-१ सारख्या इतर जनुकांच्या संदेशाला स्पर्श करते. त्याच पद्धतीने चालणाऱ्या ब्रानाप्लामची हंटिंग्टन रोगावरील चाचणी नसांना इजा होत असल्याच्या खुणा दिसल्यामुळे २०२२ मध्ये थांबवावी लागली. माझ्या वडिलांची जनुकीय तपासणी कधी झाली नाही, आणि तीस वर्षे मागांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाचे कान निव्वळ औषधाने गेले असे मी म्हणणार नाही. अंधारात जाणारा तोल मात्र मागांच्या आवाजाने गेलेला नव्हता.