लग्नाच्या रॉ डेटासाठी किती जीबीची हार्ड डिस्क लागेल?

हळद आणि लग्न असे दोन दिवस, दोन व्हिडिओ कॅमेरे, दोन फोटोग्राफर, आणि स्टुडिओवाला म्हणतोय, "रॉ डेटा हवा असेल तर हार्ड डिस्क आणून द्या." रॉ डेटा म्हणजे एडिट न केलेले मूळ फोटो आणि व्हिडिओ. एवढ्यावर सांगायचं तर १ टीबी पुरेल, पण दोन घ्या, दुसरी कॉपी ठेवायला.

व्हिडिओला किती जागा लागेल हे फोरके की फुल एचडी यापेक्षा बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला किती डेटा साठवला जातो यावर ठरतं. स्टुडिओवाल्याला तेवढंच विचारा. बरेच मिररलेस कॅमेरे फोरके १०० एमबीपीएसला रेकॉर्ड करतात. यातला 'बी' म्हणजे बिट, बाइट नव्हे. म्हणून ८ ने भागा: सेकंदाला १२.५ एमबी, मिनिटाला ७५०, तासाला ४५ जीबी. भागायचं राहिलं की हिशोब आठपट फुगतो आणि माणूस उगाच ४ टीबीची डिस्क घेऊन येतो. कार्यक्रम दिवसभर चालला तरी कॅमेरा सतत चालू नसतो. दोन दिवसांत मिळून प्रत्येक कॅमेऱ्याचे ४ तास धरा, म्हणजे एकूण ८ तास, ३६० जीबी. पंगतीही अथपासून इतिपर्यंत हव्या असतील तर तास वाढवा.

२४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची कॉम्प्रेस्ड रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला फोटो) साधारण २५ एमबी आणि जेपेग १० एमबी धरा. दोन्ही धरून ४००० फोटोंचे १४० जीबी. अनकॉम्प्रेस्ड रॉ असेल तर फाइल जवळपास दुप्पट होते. एडिट केलेली तीन तासांची फिल्म २५ एमबीपीएसला ३४ जीबी. सगळं मिळून साधारण ५३५ जीबी.

पाहुण्यांचे मोबाइल व्हिडिओही गोळा करणार असाल तर आयफोनवर फोरके सेकंदाला ३० फ्रेम असेल तर मिनिटाला सुमारे १७० एमबी, ६० फ्रेमला ४०० एमबी लागतात. व्हॉट्सॲपवर मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर दर्जा गेलाच.

१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. फसवणूक नाही; कंपनी १००० ने मोजते, विंडोज १०२४ ने.

डिस्क देण्याआधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा (आतलं सगळं पुसलं जातं). फॅट३२ या जुन्या फॉरमॅटवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि १०० एमबीपीएसला ४ जीबी पावणेसहा मिनिटांत भरतात. अख्ख्या मंगलाष्टकांची एक फाइल असेल तर ती कॉपीच होणार नाही.

केबल यूएसबी ३ ची द्या: दीड तासाच्या आत कॉपी होते. यूएसबी २ ला साडेचार-पाच तास लागतात, आणि मध्येच कंटाळून कोणीतरी केबल उपटतं. म्हणून घरी आल्यावर फाइलींची संख्या आणि एकूण साइज जुळवा, चार-पाच मोठे व्हिडिओ शेवटपर्यंत पुढे सरकवून बघा. दुसऱ्या डिस्कवर कॉपी झाल्यावरच स्टुडिओला त्यांच्याकडचा डेटा उडवायला हो म्हणा.