पहिली विषम विपुल संख्या : ९४५

तुम्ही ५०० पर्यंतच्या संख्या तपासल्यात, विपुल निघालेली प्रत्येक संख्या समच होती, म्हणून विचारलंत की विषम संख्या विपुल असूच शकत नाही का. असते. तुम्ही थोडं लवकर थांबलात. पहिल्या २३१ विपुल संख्या सम आहेत आणि २३२वी आहे ९४५.

बाकीच्या वाचकांसाठी : ती संख्या स्वतः वगळून तिच्या सगळ्या विभाजकांची बेरीज करायची. बेरीज संख्येहून मोठी आली तर संख्या विपुल, तेवढीच आली तर परिपूर्ण, कमी पडली तर न्यून. ९४५ चे विभाजक १, ३, ५, ७, ९, १५, २१, २७, ३५, ४५, ६३, १०५, १३५, १८९, ३१५. बेरीज ९७५, म्हणजे जेमतेम ३० जास्त.

आता खरी गंमत, इतका उशीर का? संख्या स्वतः धरूनची बेरीज भागिले संख्या, हे गुणोत्तर २ च्या वर जायला हवं. त्यात ३ हा मूळ अवयव, कितीही वेळा आला तरी, गुणोत्तर दीडपटीपेक्षा कमीच वाढवतो. ५ सव्वापटीपेक्षा कमी, ७ सात षष्ठांशापेक्षा कमी. या पटी एकमेकींना गुणायच्या : ३ आणि ५ मिळून १५/८, म्हणजे २ च्या आतच. त्यामुळे निदान तीन वेगळे मूळ अवयव लागतात. तीनच असतील तर ३ आणि ५ हवेतच, आणि तिसरा ७, ११ किंवा १३. १७ घेतला तर गुणोत्तर १.९९२ च्या पलीकडे जात नाही. चार अवयव घ्यायचे तर सर्वांत लहान संख्याच ११५५. म्हणजे ९४५ च्या आधी उमेदवार उरतात नऊ : १०५, १६५, १९५, ३१५, ४९५, ५२५, ५८५, ७३५, ८२५. कागदावर दहा मिनिटांत उरकतात, प्रोग्रॅम कशाला हवा! सगळ्या नापास. ३१५ मात्र चुटपुट लावते : बेरीज ३०९, फक्त सहा कमी. तिला आणखी एका ३ ने गुणलं की ९४५.

म्हणून ९४५ चा प्रत्येक लहान विभाजक न्यूनच आहे. विपुलता तिला कुणाकडून वारशाने मिळालेली नाही. उलट तिची प्रत्येक पट विपुल असते, तेव्हा विषम विपुल संख्या अनंत आहेत. शिवाय ९४५ च्या विभाजकांच्या यादीतून ३ आणि २७ (किंवा ९ आणि २१) वगळले, की उरलेल्यांची बेरीज बरोबर ९४५ भरते.

विभाजकांशी संबंध नसलेल्या ठिकाणीही ही संख्या भेटते. १×३×५×७×९ = ९४५, म्हणजे दहा जणांच्या पाच जोड्या लावायचे तितके मार्ग. आणि सर्व धन पूर्णांकांच्या सहाव्या घातांच्या व्यस्तांची बेरीज केली तर गणितज्ञ ऑयलरने दाखवल्याप्रमाणे उत्तर येतं π चा सहावा घात भागिले ९४५.

विषम परिपूर्ण संख्येचं विचाराल तर ती आजवर सापडलेली नाही, आणि नसतेच असंही कुणी सिद्ध केलेलं नाही.

पुढच्या विषम विपुल संख्या १५७५, २२०५, २८३५. सगळ्यांना ३ ने भाग जातो, पण त्यावरून नवा नियम बांधू नका. ३ ने भाग न जाणारी सर्वांत लहान विषम विपुल संख्या आहे ५,३९,१४,११,०२५. एकेक संख्या तपासत तिथवर जायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.