दाढेसाठी अ‍ॅसिट्रोम परस्पर बंद करू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. आईंचा मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयातली एक झडप, बदललेला, मेकॅनिकल म्हणजे कृत्रिम, यांत्रिक बसवलेला, आणि दाढ काढायची म्हणून दाताच्या डॉक्टरांनी अ‍ॅसिट्रोम, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, पाच दिवस बंद करायला सांगितलंय. मलाही अगदी हेच सांगितलं होतं, आणि मी ऐकलं.

माझाही मायट्रलच. आयएनआर तुम्हाला माहीत असेलच, रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा, जितका जास्त तितकं रक्त पातळ. माझा तेव्हा २.९ होता, म्हणजे हवा तसा, २.५ ते ३.५ च्या मधला. तरी गोळी बंद केली. ऑपरेशन झालं तिथे फोन केला, तर काउंटरवरून उत्तर, ‘पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे, तेव्हा विचारा.’ डॉक्टरांपर्यंत निरोपसुद्धा पोचवला नाही. एका मिनिटाचं काम होतं हो! दाढ निघाली. पण गोळी पुन्हा कधी सुरू करायची, हे चिठ्ठीवर नव्हतंच. टाके निघेपर्यंत थांबू म्हटलं, आणि पाच दिवसांचे बारा झाले.

रात्री सामसूम झाली की माझ्या व्हॉल्व्हची टिकटिक शेजारी ह्यांना ऐकू येते. त्या रात्री हे म्हणाले, ‘आज आवाज येत नाहीये गं.’ जिना चढताना दोन दिवस दम लागत होता, तो मी अशक्तपणावर ढकलला होता. व्हॉल्व्हवर गुठळी धरली होती, एक पाकळी हलतच नव्हती. स्ट्रेप्टोकायनेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने विरघळली म्हणून, नाहीतर छाती पुन्हा उघडावी लागली असती.

मी डॉक्टर नाही, आईंच्या बाकीच्या तब्येतीचं मला माहीत नाही. पण माझं मत पक्कं आहे. एखाददुसऱ्या दाढेसाठी, आयएनआर मर्यादेत असेल तर, गोळी सहसा बंद करावी लागत नाही. टाका, दाबून धरायचा बोळा, रक्त थांबवणाऱ्या ट्रानेक्झामिक अ‍ॅसिडच्या गुळण्या यांवर भागतं. हिरडीचं रक्त दाबून थांबवता येतं, व्हॉल्व्हवरच्या गुठळीला काय दाबणार? तरी हृदयाच्या डॉक्टरांकडून लेखी आणाच. बंद केलीच तर कोणत्या तारखेला सुरू करायची, तेही त्यांच्याच अक्षरात. आणि दाढ काढण्याआधी अँटिबायोटिकचा डोस लागतो, तो विसरू देऊ नका.

दाढ काढल्यानंतर मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक सर्रास लिहून देतात. त्याने आयएनआर झपाट्याने चढतो, तेव्हा अ‍ॅसिट्रोमचं आधी सांगा. मेट्रोनिडाझोल घ्यावंच लागलं तर तीन-चार दिवसांत रक्त तपासा. दुखण्यावर पॅरासिटामॉल विचारा, आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅक नको. मेथी-पालकाचाही आयएनआरवर परिणाम होतो, पण ते बंद करू नका, दर आठवड्याला साधारण सारखं खाऊ द्या.

‘अ‍ॅसिट्रोमऐवजी रक्त पातळ ठेवणाऱ्या, आयएनआर तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या घ्या’ असं तुम्हाला कुणी सुचवलंय म्हणता. मेकॅनिकल व्हॉल्व्हला त्या चालत नाहीत. त्यांतल्या डॅबिगाट्रानची अशा व्हॉल्व्हच्या रुग्णांवरची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले म्हणून मधेच थांबवली, २०१३ साली ते प्रसिद्ध झालं. अ‍ॅपिक्साबॅनचीही २०२२ मध्ये थांबवावी लागली.

दाढेसाठी सोमवार-मंगळवारची सकाळ घ्या, म्हणजे नंतर रक्त झिरपलं तर दवाखाना उघडा सापडतो.