पावसाळ्यात साताऱ्यात फिरायला जुन्या ३५ मिमी कॅमेऱ्यात कोणती ब्लॅक अँड व्हाइट फिल्म घालावी?

इलफर्ड एचपी५ प्लस, आयएसओ ४०० (आकडा जितका मोठा, तितकी फिल्म कमी उजेडात चालते). डोळे झाकून घ्या. ठोसेघरकडे धुकं उतरलं की इलफर्डचीच आयएसओ १२५ ची एफपी४ फिल्म हात टेकते. ट्रायपॉड असेल तरच ती. एचपी५ चा अख्खा रोल आयएसओ १६०० धरूनही काढता येतो, फक्त डेव्हलप करणाऱ्याला ‘दोन स्टॉप पुश’ (म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वेळ डेव्हलप) असं बजावून सांगा. ग्रेन (फोटोतला दाणेदारपणा) वाढतो, पण सज्जनगडाच्या ओल्या काळ्या दगडाला तो शोभतोच म्हणा. दाट धुक्यात प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि पांढरं धुकं करडं येतं, म्हणून एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश द्या. उघडीप मिळाली तर पिवळा फिल्टर लावा, ढग उठून दिसतात. कासच्या फुलांसाठी मात्र रंगीत रोलच न्या. जांभळी फुलं आणि हिरवं गवत यांचा करडा रंग जवळजवळ एकच येतो.