शिमे ब्लूला पुन्हा एकदा संधी द्या

तुम्ही लिहिलंय, शिमे ब्लू ही बेल्जियन बिअर फ्रीजमधून काढून लगेच प्यायलात, काढ्यासारखी लागली आणि पाचपैकी दोन गुण दिलेत. माझ्या मते इतक्या गार असताना ही बिअर खुलतच नाही. लागर, म्हणजे आपली नेहमीची फिकट हलकी बिअर, बर्फासारखी गार हवी, पण ही ९ टक्के अल्कोहोलची गडद एल (जास्त उबेत आंबवलेली बिअर) १० ते १४ अंशांना प्यावी. पुण्याच्या एप्रिलात फ्रीजबाहेर वीसेक मिनिटं पुरतात, डिसेंबरात जास्त वेळ लागतो. रुंद तोंडाचा ग्लास घ्या, वाइनचाही चालेल. हळू ओता. तळाचा गाळ यीस्टचा असतो, तो बाटलीतच राहू द्या.

आधी नुसता वास घ्या, दहा मिनिटांनी पुन्हा घ्या. मला पहिल्यांदा काळ्या मनुका येतात, मग खजूर, आणि ग्लास हातात थोडा कोमट झाला की मसाल्याच्या डब्याचं झाकण उघडल्यासारखी मिरी-लवंग. हे बहुतेक सगळं यीस्टचं काम.

आता चव. या प्रकारात बऱ्याचदा साखर घालतात, पण ती गोडीसाठी नव्हे. यीस्ट ती जवळजवळ सगळी खाऊन टाकतं, त्यामुळे ताकद वाढते आणि शेवट कोरडा, म्हणजे गोडी न रेंगाळणारा, राहतो. माझे गुण इथेच ठरतात. नाकाला काकवी वाटली तरी घोट गिळल्यावर जीभ मोकळी व्हायला हवी. पाक चिकटल्यासारखं वाटलं तर मी सरळ गुण कापतो. बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या ५० गुणांच्या तक्त्यातही चवीला २० आणि वासाला १२ आहेत, दिसण्याला फक्त ३.

आणखी एक. २००९ मध्ये डूलाली ही जागीच बिअर बनवणारी मायक्रोब्रुअरी सुरू झाल्यापासून पुण्यात आपल्याला नळाच्या ताज्या बिअरची सवय लागली. ही मात्र बाटलीत मुरते, पण अंधारात आणि गारव्यात ठेवली तरच. मागे एका दुकानाच्या उन्हातल्या शोकेसमधून मी अशीच एक गडद बेल्जियन बाटली आणली होती. उघडली तर ओल्या पुठ्ठ्याचा वास. तिला मी गुण दिलेच नाहीत, कारण बिघाड साठवणुकीचा होता. तुमची बाटली कुठे ठेवलेली होती?

पुढची बाटली दोघांत वाटून घ्या, सोबत जुनं चेडर ठेवा, आणि दुसऱ्यांदा वास घेतल्यावर काय जाणवलं ते इथे नक्की लिहा.